भेंडोळ्याचं वजन

पदवीचं प्रमाणपत्र कधी उजेडासमोर धरून पाहिलंय? बहुतेक घरांत ते कपाटाच्या तळाशी असतं, शालूच्या घडीखाली नाहीतर रेशनकार्डाच्या पिशवीत. एकदा बाहेर काढा. जाड कागद, विद्यापीठाचं बोधचिन्ह, कुलगुरूंची सही. तिरपं धरलं की कागदाच्या पोटातून वर येणारी पुसट नक्षी. तराजूत टाकलं तर काही ग्रॅम भरेल. याच कागदासाठी कुणी आईच्या पाटल्या मोडल्या, कुणी अर्धा एकर गहाण टाकलं, कुणी तीन वर्षं पहाटेच्या एसटीनं तालुका गाठला. आणि आज ज्याला त्याला पडलेला प्रश्न एकच: या भेंडोळ्याला नोकरीच्या बाजारात काही किंमत उरली आहे का?

मी हा प्रश्न धरून मागे मागे गेलो, आणि पहिला धक्का १८५८ सालच्या कलकत्त्यात बसला. आदल्याच वर्षी कलकत्ता, मुंबई आणि मद्रास ही तीन विद्यापीठं स्थापन झाली होती. कलकत्त्यानं बी.ए.ची पहिली परीक्षा घेतली. पास झाले दोघं. एक जदुनाथ बोस, दुसरे बंकिमचंद्र चट्टोपाध्याय. होय, तेच कादंबरीकार बंकिमचंद्र. आणि हे दोघंही एका विषयात थोडक्या गुणांनी मागे पडले होते. विद्यापीठानं वरचे गुण देऊन त्यांना पार नेलं. म्हणजे या देशातली पहिली पदवीच ग्रेस मार्कांची! आपल्या मुंबईची पहिली तुकडी निघाली १८६२ मध्ये. किती जणांची? चौघांची. त्यात महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर. अख्ख्या मुंबई इलाख्यात त्या वर्षी चार नवे पदवीधर. कल्पना करा, त्या कागदाचा दरारा काय असेल!

पण पदवी म्हणजे नोकरी, ही गाठ कुणी मारली? तिचीही तारीख सांगता येते. १८४४ मध्ये गव्हर्नर जनरल हार्डिंगनं ठराव केला की सरकारी नोकरीत इंग्रजी शिकलेल्यांना आधी घ्यायचं. त्याआधीही माणसं शिकत होती, पाठशाळांत आणि मदरशांत आयुष्य घालवत होती. पण ‘शिकलास, आता चाकरी कुठे?’ हा आज घराघरात विचारला जाणारा प्रश्न त्या ठरावानंतर रुळला. गंमत बघा, ‘पदवी’ या शब्दाचा संस्कृतातला एक जुना अर्थ आहे वाट. आणि ‘स्नातक’ म्हणजे शिक्षण संपल्यावरचं स्नान केलेला. वाट आणि आंघोळ! दोन्ही शब्दांत पगाराचा मागमूसही नाही.

आता एक त्याहून नवलाची गोष्ट. त्या काळी माणसं नावापुढे ‘बी.ए. (नापास)’ असं लिहायची. लपवायची नाहीत, मिरवायची. आपल्याकडे ‘नॉनमॅट्रिक’ हा शब्दही असाच रुळला. मॅट्रिकपर्यंत पोचून नापास झालेला माणूस स्वतःची ओळख त्या अपयशानं करून द्यायचा, आणि तेवढ्यावर त्याला कारकुनी मिळायची. आज बारावी नापास मुलगा हे अर्जावर लिहील का? मग ज्या कागदाच्या जवळपास जाऊन पडणंसुद्धा एकेकाळी भांडवल होतं, त्या कागदाला आतून चालवणारं यंत्र आहे तरी कसलं?

ते समजून घ्यायला मार्केट यार्डात चला. एप्रिल महिना, हापूसच्या पेट्यांची थप्पी. विक्रेता म्हणतो, ‘साहेब, अस्सल देवगड.’ तुम्ही काय करता? वरचं एक फळ उचलता, देठापाशी हुंगता, हलकेच दाबता. पण आत साका आहे की नाही ते कापल्याशिवाय कळत नाही, आणि कापलं की आंबा तुमचा झाला. विकणाऱ्याला जास्त माहीत असतं, घेणाऱ्याला कमी. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञानं १९७० मध्ये हीच अडचण जुन्या मोटारींच्या बाजारावरून मांडली होती. नोकरी देणारा नेमका याच अडचणीत असतो. समोर पन्नास मुलं. सगळी म्हणतात मी मेहनती, मी प्रामाणिक, मी लवकर शिकतो. कापून बघायची सोय नाही. तो लेबल शोधतो.

इथे मायकेल स्पेन्स हा अर्थशास्त्रज्ञ येतो. १९७३ मध्ये, तिशी गाठण्याआधीच, त्यानं एक निबंध प्रसिद्ध केला, आणि त्यातला विचार पहिल्यांदा वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून नुसता बसून राहिलो. स्पेन्स म्हणतो, समजा, कॉलेजात काहीही शिकवत नाहीत. अगदी शून्य. मुलगा जसा आत गेला तसाच बाहेर आला. तरीही पदवीवाल्याला जास्त पगार मिळू शकतो, आणि देणारा मूर्ख ठरत नाही!

कसं काय? दोन मुलं घ्या. एकाला अभ्यास झेपतो. वेळेवर उठणं, जर्नल पूर्ण करणं, नावडत्या विषयाशी महिनोन्‌महिने झुंजणं हे त्याला जमतं. दुसऱ्याला तेच काम डोंगराएवढं वाटतं. पदवीची फी दोघांना सारखी, पण तिची खरी किंमत, म्हणजे लागणारा जीव, दोघांना वेगळी. पदवीनंतर मिळणारा जादा पगार जर पहिल्याला परवडेल आणि दुसऱ्याला परवडणार नाही एवढाच असेल, तर पहिला कॉलेजात जाईल, दुसरा जाणार नाही. मालकाला कुणाच्या डोक्यात शिरायची गरजच उरली नाही. मुलांनी आपणहून दोन रांगा लावल्या! पदवी इथे एक निरोप झाली: ‘बघा, मला हे झेपलं.’ आणि हा निरोप खरा का मानायचा? कारण खोटा पाठवणं महाग पडतं.

थांबा, याची जुळी बहीण जंगलात आहे. मोराचा पिसारा. पळताना अडचण, लपताना अडचण, वाघाच्या डोळ्यांत भरणारा. मग निसर्गानं तो ठेवला कशाला? १९७५ मध्ये इस्रायली जीवशास्त्रज्ञ आमोट्झ झहावीनं उत्तर सुचवलं: अडचण आहे म्हणूनच. एवढं ओझं वागवूनही जिवंत असलेला मोर लांडोरीला सांगत असतो की माझ्यात दम आहे. मरतुकड्या मोराला हा निरोप पाठवताच येत नाही. अर्थशास्त्रातला स्पेन्स आणि पाखरांमागे फिरणारा झहावी, दोन वर्षांच्या अंतरानं, वेगवेगळ्या वाटांनी एकाच ठिकाणी पोचले. दीक्षान्त समारंभातला तो घोळदार गाऊन मला तेव्हापासून वेगळाच दिसू लागला आहे. स्पेन्सला २००१ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, अकरलॉफ आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासोबत.

पदवी म्हणजे नुसता निरोप, असं मात्र नाही. पुलाचं गणित अभियंत्याला कॉलेजातच कळतं, आणि सलाईनची शीर शोधणाऱ्या नर्सचा हात शिक्षणानंच तयार होतो. अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकरनं १९६४ मध्ये शिक्षणाला माणसात गुंतवलेलं भांडवल म्हणून मांडलं, तेही तितकंच खरं. दोन्ही गोष्टी एकाच कागदात मिसळलेल्या असतात, दुधात पाणी मिसळावं तशा. मग किती दूध आणि किती पाणी, हे ओळखायचं कसं?

संशोधकांनी एक सुरेख युक्ती काढली. शिक्षणाचं प्रत्येक वर्ष पगारात किती भर घालतं ते मोजायचं. पदवी म्हणजे निव्वळ शिकणं असेल, तर पहिलं, दुसरं, तिसरं ही वर्षं पगार सारखाच वाढवतील. पण १९८७ मध्ये हंगरफर्ड आणि सोलन यांनी अमेरिकेतले आकडे तपासले तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षापाशी पगारानं उडी घेतलेली दिसली. शेवटच्याच वर्षात असं काय शिकवतात? विशेष काही नाही. त्या वर्षाअखेर कागद हातात पडतो, एवढंच. पूर्वी युरोपात पदव्या मेंढीच्या कातड्यावर लिहीत, म्हणून या उडीला नाव पडलं मेंढीच्या कातड्याचा परिणाम. आपल्याकडे तिसऱ्या वर्षाला दोन विषय राहिलेल्या मुलाला हा परिणाम समजावून सांगावा लागत नाही. डोक्यात जवळपास तेवढंच असतं, पण अर्जातल्या ‘पदवी’ या रकान्यात त्याला रेघ ओढावी लागते.

आता गर्दीकडे वळू. गावच्या जत्रेत कुस्त्यांचं मैदान आठवा. सगळे बसलेत, सगळ्यांना दिसतंय. निकाली कुस्ती लागते आणि पुढचा एकजण उठून उभा राहतो. त्याला छान दिसतं. मागच्याला दिसत नाही, तोही उठतो. दोन मिनिटांत अख्खं मैदान उभं. दिसतंय तेवढंच, पाय मात्र सगळ्यांचे दुखतात. आणि ‘मी बसतो’ म्हणणाऱ्या शहाण्याला काहीच दिसत नाही! अर्थशास्त्रज्ञ फ्रेड हर्श यानं १९७६ मध्ये हेच सांगितलं होतं: सगळेच टाचा उंचावून उभे राहिले तर कुणालाच जास्त दिसत नाही.

त्याच साली रोनाल्ड डोर या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञानं एक अख्खं पुस्तक लिहिलं, ‘द डिप्लोमा डिसीज’. जपान, श्रीलंका, केनिया हिंडून त्याला दिसलं ते असं: कामाला माणसं हवीत थोडी आणि अर्ज आले ढीगभर, की देणारा अट एक पायरी वर नेतो. कामासाठी नव्हे, ढीग कमी करण्यासाठी. अट वाढली म्हणून मुलं अजून शिकतात, ढीग पुन्हा वाढतो, अट पुन्हा वर. खालच्या दातावर परत न येणारं हे चाक आहे. आणि डोरचं खास निरीक्षण असं, की जो देश विकासाच्या शर्यतीत जितका उशिरा उतरला, तिथे हे चाक तितकं जोरात फिरतं.

आपल्या प्राथमिक शाळेतच ते बघा. एकेकाळी व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे मराठी सातवी पास झालेला माणूस गावात मास्तर व्हायचा. त्या मास्तरांचं वळणदार मोडी-बाळबोध अक्षर अजून जुन्या दाखल्यांवर दिसतं. मग मॅट्रिक आणि ट्रेनिंग आलं. मग बारावी आणि दोन वर्षांचं डीएड. मग २०१३ पासून त्यावर टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. शिकवायचं काय? बे एके बे. शिकवण्याची पद्धत सुधारली, मुलांच्या मनाचा अभ्यास शिक्षकाला आला, हे मी मोलाचं मानतो. पण तेवढ्यानं सातवीपासून इथवरची चढण समजत नाही.

आणि डीएडची कहाणी तर जवळून पाहण्यासारखी. २००० नंतरच्या दशकात बारावीला उत्तम गुण मिळवलेली मुलं-मुली डीएडच्या रांगेत असायची. इंजिनियरिंग सोडून डीएड घेतलेले कित्येक. का? दोन वर्षांत जिल्हा परिषदेची शाळा, घराजवळची नोकरी, लग्नाच्या बाजारात भाव. ठिकठिकाणी अध्यापक विद्यालयं उघडली. आणि २०१० नंतर शिक्षकभरती थंडावली. हळूहळू वर्गच ओस पडले, विद्यालयांना कुलपं लागली. नीट बघा, इथे अभ्यासक्रम बदलला नव्हता. मुलांचं पाठनियोजन, फळ्यावरचं अक्षर, सराव पाठ सगळं तेच. पाठवलेला निरोप तोच होता, फक्त पलीकडे ऐकणारं कुणी उरलं नव्हतं. आज कितीतरी गावांत किराणा दुकान चालवणाऱ्या माणसाला लोक ‘मास्तर’ म्हणतात. त्यानं डीएड केलेलं असतं. दुकानाच्या पाटीवरचं अक्षर बघा, लगेच ओळखू येतं.

आता मोजमाप. स्वातंत्र्याच्या वेळी देशात विद्यापीठं होती वीसच्या आसपास. २०२१-२२ च्या सरकारी सर्वेक्षणात ती अकराशेच्या वर गेली आणि उच्च शिक्षण घेणारे ४ कोटी ३३ लाख झाले. मुंबईतल्या चौघांपासून इथवर! याचा मला मनापासून अभिमान वाटतो. दुसऱ्या टोकाला २०२३ ची तलाठी भरती: जागा साडेचार हजारांच्या थोड्या वर, अर्ज दहा लाखांवर. २०२४ ची पोलीस भरती: जागा १७,४७१, अर्ज सतरा लाखांवर. अट बारावी पास, पण मैदानात उतरले इंजिनियर, वकील, एमबीएसुद्धा. उत्तर प्रदेशात २०१५ मध्ये शिपायाच्या ३६८ जागांना तेवीस लाख अर्ज आले. अट होती पाचवी पास आणि सायकल चालवता येणं, आणि अर्जदारांत २५५ जण पीएच.डी. होते.

याहून चक्रावून टाकणारा आकडा पुढे आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२४ च्या भारतविषयक अहवालानुसार २०२२ मध्ये पदवीधर तरुणांतली बेकारी होती २९.१ टक्के. आणि लिहिता-वाचताही न येणाऱ्या तरुणांतली? ३.४ टक्के. उलटं छापलंय का? नाही. जास्त शिकलेला जास्त बेकार! मग शाळा सोडलेली बरी?

घाई नको. बेकार कोण म्हणवू शकतो? ज्याच्या घरात चूल पेटायला आजची मजुरी लागते, तो वाट बघत बसू शकत नाही. तो नाक्यावर उभा राहतो, वीटभट्टीवर जातो, मिळेल ते करतो, आणि आकड्यांत ‘कामावर’ असतो. पदवीधराच्या मागे निदान बापाची पेन्शन, भावाचं दुकान, थोडी शेती असते. तो थांबू शकतो. पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत, रात्री अकराला ट्यूबलाइटखाली जी डोकी वाकलेली दिसतात, ती या २९ टक्क्यांतली. ब्लॉग, लेयार्ड आणि वुडहॉल या तिघांनी १९६९ मध्ये भारतातल्या पदवीधरांच्या बेकारीवर पुस्तक लिहिलं, तेव्हाही त्यांना हेच दिसलं होतं: पदवीधर जन्मभर बेकार नसतो, तो वाट बघत असतो, आणि एवढं थांबूनही पदवी घेणं त्याला शेवटी परवडतं. म्हणूनच तर लोक घेत राहतात. आणि ही चिंता त्याहूनही जुनी. सर तेजबहादूर सप्रू यांच्या समितीनं १९३५ मध्येच संयुक्त प्रांतातल्या सुशिक्षितांच्या बेकारीवर अहवाल दिला होता. पदवीची किंमत घसरली, ही ओरड चार पिढ्या मुरलेली आहे.

मग पदवीची अटच काढून टाकली तर? अमेरिकेत हा प्रयोग झाला. तिथेही चाक फिरलं होतं: २०१५ च्या जाहिरातींत कारखान्यातल्या सुपरवायझरच्या ६७ टक्के जागांना पदवी मागितली होती, आणि तेच काम प्रत्यक्ष करणाऱ्यांत पदवीवाले होते १६ टक्के! २०२२ मध्ये मेरीलँड राज्यानं हजारो सरकारी जागांवरून पदवीची अट उठवली. इतर राज्यं आली, बड्या कंपन्या आल्या. कागद नको, कसब दाखवा. ऐकायला किती छान! २०२४ मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि बर्निंग ग्लास इन्स्टिट्यूट यांनी प्रत्यक्ष भरती तपासली. या बदलामुळे नोकरी मिळालेले किती? सातशे नेमणुकांमागे एकसुद्धा भरत नाही. जाहिरातीतली ओळ खोडली गेली, पण निवडणाऱ्याची नजर तिथेच खिळून राहिली. कारण त्याची अडचण जशीच्या तशी आहे. पेटीवरचं लेबल काढलं म्हणून आंबा पारदर्शक होत नाही.

आणि लेबल पुसट झालं की माणूस काय बघतो? मला या सगळ्या विषयात हाच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तो इंग्रजी ऐकतो. कपडे बघतो. कॉलेजचं नाव बघतो, आडनाव ऐकतो, ‘कुणाकडून आलात?’ असं विचारतो. पदवी हा एकच निरोप नाही. काहींच्या घरात निरोपांची थप्पी पडलेली असते. मामाची ओळख, शहरातलं घर, लहानपणापासूनचा वावर. त्यांच्या पदवीला उतार लागला तरी बाकीचे निरोप पोचतात. ज्या घरात पहिलाच माणूस शिकतोय, तिथे निरोप एकच असतो. म्हणून पदवी घसरते तेव्हा सगळ्यांची सारखी घसरत नाही.

हे बाबासाहेब आंबेडकरांना कुणी शिकवायची गरज नव्हती. मुंबईची बी.ए., कोलंबियाची एम.ए. आणि पीएच.डी., लंडनची डी.एस्सी. ज्या समाजात त्यांची जात आधी बोलायची, तिथे त्यांनी एवढे निरोप उभे केले की ते अडवणं अवघड व्हावं. आणि मग त्यांनी कॉलेजं काढली: १९४६ मध्ये मुंबईला सिद्धार्थ, १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था उभी केली आणि ‘कमवा आणि शिका’ म्हणत खडी फोडणाऱ्या हातांना पदवीपर्यंत नेलं. त्या पदव्यांत दूध किती आणि पाणी किती, हे नुसत्या पगाराच्या आकड्यांतून मोजता येत नाही. मिलिंदमधून बाहेर पडलेला पहिल्या पिढीचा पदवीधर गावात परतला की चावडीवर त्याला बसायला सांगावं लागायचं. हा बदल कुठल्या रकान्यात लिहायचा?

पोलीस भरतीच्या मैदानावर पहाटे साडेचारला जाऊन बघा. थंडीत मुली छातीवर नंबर लावून उभ्या असतात. आठशे मीटर धावणं, शंभर मीटर, गोळाफेक. घड्याळाला कुणाची पदवी दिसत नाही. नंतर कागदपत्रांची तपासणी. टेबलामागचा कर्मचारी एकेक मागतो: बारावीची मार्कशीट, अधिवास, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर. मुलगी प्लास्टिकच्या फायलीतून काढून देत जाते. सगळ्यात खाली एम.एस्सी.चं प्रमाणपत्र असतं. तो म्हणतो, ‘हे लागत नाही ताई.’ ती ते परत आत सरकवते, कोपरा दुमडू नये म्हणून आधी बोटानं सरळ करते, आणि मग फायलीचं बटण लावते.